पानातले इन्सुलिन

मौद्याला माझ्या मामांच्या अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी एक झाड आहे. कमरेएवढे उंच. जिना गोल फिरत चढावा तशी पाने दांड्याभोवती फिरत लागलेली, खालून किंचित जांभळी, चवीला आंबूस. गल्लीत त्याला सगळे ‘इन्सुलिनचे झाड’ म्हणतात. कोणाच्या तरी घरून एक फांदी आली, मामीने ती खोचली, आणि दोन पावसाळ्यांत तिचे बेट झाले. आता त्या बेटातून निम्म्या गल्लीत फांद्या गेल्या आहेत.

मामा धानाचे शेतकरी. कन्हानच्या काठचा, भंडारा रस्त्यालगतचा हा सगळा धानपट्टा. ताटात दोन्ही वेळा भात. साखरेचे दुखणे त्यांना पन्नाशीत लागले, पुढे गोळ्या पुरेनात म्हणून इन्सुलिन सुरू झाले. एका उन्हाळ्यात त्यांनी ते आपल्या मनाने बंद केले आणि रोज सकाळी दोन पाने चावायला लागले. “सुई कायले टोचू? पानं हाय ना अंगणात,” असे त्यांचे म्हणणे. अडीच महिन्यांनी पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली, अंगठा काढावा लागला. दवाखान्यात त्यांनी मला विचारले, “नावच इन्सुलिन हाय म्हणते त्या झाडाचं. मंग त्यात इन्सुलिन नसते का?”

प्रश्न रास्त होता, आणि मला उत्तर देता आले नाही. ‘नसते’ म्हणणे सोपे होते. पण वाचायला बसलो तेव्हा कळले की हाच प्रश्न शंभर वर्षे जगातल्या चांगल्या प्रयोगशाळांनी विचारला आहे, त्यातल्या काही आपल्या महाराष्ट्रातल्या आहेत, आणि त्याचे उत्तर एका शब्दात मावत नाही. हा लेख म्हणजे मामांना द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

गोष्ट टोरोंटोपासून सुरू करावी लागते. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काची पहिली सुई दिली गेली. अर्क बँटिंग आणि बेस्ट यांनी काढलेला, गढूळ. सुईच्या जागी गळू आले आणि साखर जेमतेम उतरली. बारा दिवसांनी, २३ जानेवारीला, दुसरा अर्क दिला, आणि मुलगा सावरला. मधल्या बारा दिवसांत तो अर्क शुद्ध करणारा माणूस होता जेम्स बर्ट्रम कॉलिप. त्याची युक्ती दारूच्या प्रमाणात होती. अर्कात अल्कोहोल वाढवत नेले की एकेक नको असलेले प्रथिन खाली बसते, इन्सुलिन मात्र विरघळलेलेच राहते; अल्कोहोल नव्वद टक्क्यांच्या आसपास गेले की मग तेही खाली बसते. दूध नासवून पनीर काढणाऱ्या कोणालाही ही रीत परकी वाटणार नाही. प्रथिन काढणे म्हणजे ते कोणत्या क्षणी साका होऊन बसते हे ओळखणे. पुढच्या वर्षी नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. मॅक्लिऑडने आपल्या वाट्यातली अर्धी रक्कम कॉलिपला दिली, पण नाव राहिले ते राहिलेच.

कॉलिप आल्बर्टा प्रांतात एडमंटनला परतला आणि त्याने एक साधा, देखणा तर्क लढवला. प्राण्याच्या शरीरात जिथे ग्लायकोजन साठते तिथे साखरेचा कारभार पाहणारे इन्सुलिन असते. ग्लायकोजन शिंपल्यांतही असते, यीस्टमध्येही असते. मग तिथेही इन्सुलिनचा भाऊबंद असला पाहिजे. आणि यीस्टमध्ये असेल तर झाडपाल्यात का नको? त्याने यीस्ट घेतले, कांद्याची हिरवी पात घेतली, लेट्यूस, गव्हाची पाने, जवाची मुळे घेतली, अर्क काढले आणि सशांना टोचले. सशांची साखर उतरली. या पदार्थाला त्याने १९२३ मध्ये नाव दिले ‘ग्लुकोकायनिन’, वनस्पतींमधले नवे संप्रेरक.

त्या वर्षी ही बातमी किती मोठी वाटली असेल याचा विचार करावा. इन्सुलिन तेव्हा कत्तलखान्यातून मिळे, गाईगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांतून. कांद्याच्या पातीतून ते निघणार असेल तर जगाचा प्रश्नच मिटला, आणि आपल्याकडे तर सोवळ्याओवळ्याचाही. पण कॉलिपच्या आकड्यांत एक खोच होती. इन्सुलिन तासाभरात काम दाखवते. ग्लुकोकायनिनला कित्येक तास, कधी काही दिवस लागत. त्याहून चमत्कारिक म्हणजे अर्क दिलेल्या सशाचे रक्त दुसऱ्या सशाला दिले की त्याचीही साखर उतरे, त्याचे तिसऱ्याला दिले की तिसऱ्याची. औषध असे वागत नाही. औषध पातळ होत जाते, संपते. एका जनावरातून दुसऱ्यात न थकता जाते ती लागण किंवा विषबाधा. कॉलिपने हे निरीक्षण लपवले नाही, स्वतःच छापले. पण त्याचा उलगडा झाला नाही आणि ग्लुकोकायनिन हळूहळू पुस्तकांतून गळाले. कॉलिप इतर संप्रेरकांच्या मागे लागला आणि तिथे त्याने मोठे नाव मिळवले.

आपल्याकडे याच सुमारास उलट्या दिशेने काम चालू होते. कॉलिप सिद्धान्ताकडून पानाकडे निघाला होता, इथले डॉक्टर परंपरेतल्या पानाकडून सिद्धान्ताकडे. मधुमेह आपल्या वैद्यकाला जुना ओळखीचा. लघवीला मुंग्या लागतात हे निरीक्षण आणि प्रमेहाचे वीस प्रकार ही मांडणी प्राचीन संहितांतली आहे. प्रत्येक प्रांतात त्यावर आपापला पाला, साल, बी. मौद्याहून फार लांब नसलेल्या रामटेकला नागार्जुनाची टेकडी दाखवतात आणि त्याने तिथे रसविद्या साधली असे सांगतात. ती दंतकथा बाजूला ठेवली तरी विदर्भाच्या जंगलातला बिबला, म्हणजे विजयसार, आजही पेले होऊन बाजारात येतो. रात्री त्या लाकडी पेल्यात पाणी ठेवायचे, सकाळी तांबूस झालेले प्यायचे. त्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नव्याने निदान झालेल्या रुग्णांत चाचणी घेतली, १९९८ मध्ये निष्कर्ष छापले, आणि ते उत्साहवर्धक होते. पण बिबल्यातले द्रव्य प्रथिन नव्हे, म्हणून त्याला इथेच रामराम.

कलकत्त्याला रामनाथ चोप्रा यांनी १९२५ मध्ये तोंडलीचा वेल आणि १९२८ मध्ये गुडमार तपासले. पदरात फारसे पडले नाही. मुंबईत मात्र १९३० मध्ये डॉ. के. एस. म्हसकर आणि हाफकिन संस्थेतले फादर केयस यांनी गुडमारवर एक स्वतंत्र पुस्तिका काढली. या जोडीबद्दल मला विशेष आदर आहे. याच दोघांनी सर्पदंशावर सांगितल्या जाणाऱ्या शेकडो वनस्पती तपासून एकीचाही उपयोग नाही असे स्पष्ट लिहिले. तेव्हा ही माणसे भाबडी नव्हती. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बामनदास बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरच्या प्रसिद्ध ग्रंथाची १९३३ नंतरची आवृत्ती सिद्ध करण्यातही दोघांचा हात होता. गुडमारबाबत त्यांचे मत असे, की पानाने प्राण्यांची साखर उतरते खरी, पण पान स्वतः इन्सुलिनचे काम करत नाही; ते स्वादुपिंडाला चाळवते आणि इन्सुलिन तिथून येते. म्हणजे स्वादुपिंडच निकामी असेल तर पानाचा काही इलाज नाही. या एका भेदावर पुढची सगळी चर्चा उभी आहे, आणि बाजारात तो कोणी सांगत नाही.

गुडमारच्या पानात एक प्रथिनही आहे. पान चावले की तासभर साखर मातीसारखी लागते, ती करामत मुख्यतः जिम्नेमिक आम्लाची. ते १८८७ मध्ये हूपरने वेगळे केले. पण जपानी संशोधकांनी पानातून ३५ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी काढली, तिला ‘गुरमारिन’ म्हणतात. ही साखळी उंदराच्या जिभेवरची गोडी मारते. माणसाच्या जिभेवर तिचा जवळजवळ परिणाम नाही. उंदरावर चालले म्हणून माणसावर चालेल असे मानणाऱ्यांनी गुरमारिनची आठवण ठेवावी.

आता कारले. तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच राहणारे हे फळ या इतिहासाचे खरे नायक आहे. मौद्याच्या बाजारात ढीग लागतात. पावसाळ्यात शेजारी त्याचेच भावंड काटवल. १९६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात लोटलीकर आणि राजाराम राव यांचे एक छोटे टिपण आले. कारल्याच्या फळातून त्यांनी साखर उतरवणारे एक द्रव्य वेगळे केले होते; कारल्याच्या शास्त्रीय नावावरून, ‘मोमॉर्डिका चॅरॅन्शिया’वरून, ते चॅरॅन्टिन. १९६६ मध्ये त्याच्या औषधी गुणांवरचा विस्तृत लेख आला. आज जगभर कारल्याच्या गोळ्यांच्या डब्यांवर हा शब्द असतो. तो एका मराठी आडनावाच्या टिपणातून निघाला हे डबा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. चॅरॅन्टिनही प्रथिन नाही, ते स्टेरॉइडच्या घराण्यातले. पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे पिळून काढलेल्या रसात ते कितपत उतरते हाही प्रश्नच.

प्रथिनाचा दावा आला जयपूरहून. राजस्थान विद्यापीठातल्या खन्ना आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये इंग्लंडात लेस्टरच्या परिषदेत सांगितले की त्यांनी वनस्पतीतून इन्सुलिन काढले आहे. १९८१ मध्ये ‘जर्नल ऑफ नॅचरल प्रॉडक्ट्स’मध्ये त्यांचा सविस्तर निबंध आला. कारल्याचे फळ, बी आणि काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशी या तिन्हींतून मिळालेले ते प्रथिन, नाव ‘पॉलिपेप्टाइड-पी’, लोकांच्या तोंडी ‘पी-इन्सुलिन’. वाळवंटी उंदीर, वानर आणि माणूस या तिघांनाही कातडीखाली टोचल्यावर साखर उतरली. त्याआधी १९७७ मध्ये जयपूरच्याच डॉक्टरांनी थोड्या रुग्णांवर चाचणी करून ती उप्सालाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापली होती.

हा निबंध मी दोनदा वाचला आणि दोन गोष्टींवर अडखळलो. पहिली हिशेबाची. त्यात अमिनो आम्ले १६६ आणि रेणुभार किमान ११ हजार दिला आहे. एका अमिनो आम्लाचे वजन सरासरी ११० धरतात. १६६ ला ११० ने गुणले तर १८ हजारांवर जाते. माणसाचे इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचे, ५,८०० च्या आसपास. सँगरने गाईच्या इन्सुलिनचा क्रम १९५५ पर्यंत मणी मोजावेत तसा मांडला. पी-इन्सुलिनचा असा क्रम त्या निबंधात नाही, फक्त कोणती आम्ले किती याची मोजदाद आहे. म्हणजे त्याला इन्सुलिनचा भाऊ म्हणायचे तर चेहरा पाहिल्याशिवाय म्हणायचे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: ते टोचले होते. पाजले नव्हते. आज पहाटे बागेच्या फाटकाशी कारल्याचा रस विकणारे आणि पिणारे दोघेही ज्या शोधाचा हवाला देतात, त्या शोधात कोणी रस प्यायलेच नव्हते.

याचे कारण साधे आहे. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. जठरातले पेप्सिन आणि पुढे आतड्यातले ट्रिप्सिन ही माळ तोडतात. मणी रक्तात जातात, माळ जात नाही. डाळीच्या प्रथिनाचे असेच होते आणि तसेच व्हायला हवे. इन्सुलिन शंभर वर्षे मुख्यतः सुईने घ्यावे लागते ते याच कारणाने. तेव्हा पानात किंवा फळात इन्सुलिन सापडले, अगदी खरेखुरे सापडले, तरी ते चावून उपयोग काय, हा प्रश्न उरतोच.

वनस्पती ही तोडाफोडी थांबवणारी प्रथिनेही करतात. कारल्याच्या बियांत ट्रिप्सिनला गच्च धरून ठेवणारी प्रथिने भरपूर असतात. ती आपल्या साखरेसाठी नसतात, अळीच्या पोटासाठी असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या गटाने ती वेगळी करून घाटेअळीवर वापरली आणि अळीची वाढ खुंटते हे २००३ मध्ये दाखवले. हीच अळी आपल्या हरभऱ्यात आणि कपाशीत येते. विदर्भात तिची वेगळी ओळख करून द्यायला नको. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजला रोखणारी प्रथिनेही अशीच: नाचणीत एकच प्रथिन अमायलेज आणि ट्रिप्सिन दोघांनाही धरते, हे मणिपालच्या शिवराज आणि पट्टाभिरामन यांनी १९८१ मध्ये दाखवले. राजम्यातल्या अशा प्रथिनावर तर अमेरिकेत ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ‘स्टार्च ब्लॉकर’ गोळ्यांची लाट आली. भात खा, बटाटे खा, अंगी लागणार नाही! १९८२ मध्ये संशोधकांनी गोळी आणि जेवण देऊन विष्ठेतले उष्मांक मोजले. काही फरक नव्हता. सरकारने विक्री थांबवली. गंमत अशी की पुढे मेयो क्लिनिकमध्ये तेच प्रथिन नीट शुद्ध करून भरपूर मात्रेत दिले, तेव्हा जेवणानंतरची साखर खरोखर कमी चढली. तत्त्व खरे होते, गोळी कच्ची होती. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रात प्रथिनाचा सर्वांत भरवशाचा उपयोग हाच आहे. त्याला रक्तात जायची गरज नाही. आतड्यातच काम, तिथेच शेवट.

मामांच्या झाडाकडे येतो. हे झाड मूळचे आपले नाही, अमेरिका खंडातल्या उष्ण भागातले. आपल्याकडे शोभेसाठी आले. शास्त्रीय नाव कॉस्टस इग्नियस. पावसाळ्यात कोकणात फुलणारा पांढरा पेव याचा जवळचा नातलग. त्याच्या पानातले प्रथिन पुणे विद्यापीठातल्या बिंबा जोशी आणि सहकाऱ्यांनी वेगळे केले आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. आकारमान आणि विद्युतभार यांवरून प्रथिने निवडण्याच्या नेहमीच्या रीतीने ते काढले, आणि त्याला नाव दिले ‘इन्सुलिनसदृश प्रथिन’. मधुमेह उत्पन्न केलेल्या उंदरांना ते तोंडाने दिले तरी साखर उतरली, हा त्या निबंधाचा गाभा. २०१६ मध्ये त्याच गटाने आघारकर संशोधन संस्थेतल्या सहकाऱ्यांबरोबर त्याची क्रिया आणि विषारीपणा तपासून दुसरा निबंध छापला.

म्हणजे मामा अगदीच चुकीचे नव्हते. त्या पानात इन्सुलिनसारखे वागणारे काहीतरी आहे, असे आपल्याच विद्यापीठातले लोक म्हणतात. पण ‘सदृश’ हा शब्द संशोधकांनी तोलून वापरला आहे आणि गल्लीत येईपर्यंत तो गळून पडतो. ब्राझीलच्या एका गटाला १९९९ मध्ये अबईच्या जातीतल्या एका शेंगेच्या बियांच्या टरफलात चक्क गाईच्या इन्सुलिनशी जुळणारा क्रम सापडला, पुढे चवळीत सापडला, आणि २००६ मध्ये कांचनाच्या पानांतही तसेच प्रथिन असल्याचे त्यांनी मांडले. कांचन म्हणजे दसऱ्याला लुटतो त्या आपट्याचा सख्खा भाऊ. पण ज्या वनस्पतींचे जनुकसंच आता अक्षरन्‌अक्षर वाचून झाले आहेत, त्यांत इन्सुलिनचे जनुक सापडलेले नाही. जनुक नाही तर प्रथिन कुठून आले? गाईच्या इन्सुलिनशी तंतोतंत जुळते म्हटल्यावर, ते प्रयोगशाळेतल्या गाईच्याच कुठल्या द्रव्यातून आत शिरले नाही ना, ही शंका माझ्यासारख्या बाहेरच्याच्याही मनात येते. पुण्याच्या प्रथिनाचे पुढे काय होते ते माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांवर ठरेल. उंदीर आणि मामा यांच्यात अजून बरेच अंतर आहे.

कारल्यावर माणसांतल्या चाचण्या झाल्या आहेत. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात त्यांतल्या निकषांत बसणाऱ्या चार, एकूण ४७९ रुग्णांच्या, तपासल्या. कारले मधुमेहावर उपयोगी आहे असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. थायलंडच्या २०११ च्या चाचणीत दिवसाला दोन ग्रॅम भुकटीने साखर थोडी उतरली, पण एक ग्रॅम मेटफॉर्मिनइतकी नाही. आणि निरुपद्रवी म्हणावे तर १९७९ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये नोंद आहे: क्लोरप्रोपामाइडची गोळी घेणाऱ्या एका बाईच्या जेवणात कारले आले आणि तिच्यावर गोळीचा परिणाम वाढलेला दिसला. कारल्यात काही नसते तर हे झाले नसते. असते, पण किती असते ते कोणत्या वेलीचे, कोणत्या महिन्याचे, कोवळे की जून यावर ठरते, आणि इन्सुलिन युनिटांत मोजून घ्यायची वस्तू आहे.

कॉलिपच्या स्वप्नाचे पुढे जे झाले ते मात्र त्याला आवडले असते. त्याच्याच आल्बर्टा प्रांतात, कॅल्गरीच्या सेमबायोसिस कंपनीने २००६ मध्ये जाहीर केले की मानवी इन्सुलिनचे जनुक घालून त्यांनी करडईच्या बियांत इन्सुलिन पिकवले आहे. आपली करडई, जिच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. तेलाच्या थेंबांना चिकटलेले प्रथिन घाणा काढताना वेगळे करायचे अशी कल्पना. २०१२ मध्ये कंपनी बंद पडली. यीस्टचे मात्र जमले. कॉलिपने ज्या यीस्टमध्ये इन्सुलिन शोधले आणि ते नव्हते, त्याच यीस्टच्या जातकुळीत माणसाचे जनुक घालून वोखार्टने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, इन्सुलिन बनवले आणि २००३ मध्ये बाजारात आणले. त्यात गाय नाही, डुक्कर नाही.

२०२३ मध्ये छापलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख आली. त्यांतले कितीतरी मौद्यासारख्या गावांत आहेत. तिथे अडचण इन्सुलिनच्या शोधाची नाही, ते थंड ठेवण्याची आहे. साठवणीच्या कुपीला २ ते ८ अंश लागतात आणि वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो. औष्णिक वीज केंद्राची धुराडी शेतातून दिसतात, तरी दुपारी वीज जाते ती जातेच. मामीने यावर आपला उपाय काढला आहे: जुना माठ वाळूत पुरलेला, त्यात दुसरे मडके, त्यात चालू कुपी ओल्या फडक्यात; भरलेल्या कुप्या औषधाच्या दुकानात, लागेल तशी एकेक आणायची.

गेल्या दिवाळीत मी मामांना हे सगळे जमेल तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. सुई आता रोज घेतात. “पण झाड नाही उपटणार,” मामी म्हणाली. तो माठ तिने त्या झाडाच्याच सावलीत पुरला आहे; अंगणात दुपारी सावली तेवढीच असते.